चार आकड्यांचं साल

मिडल क्लास सोसायटी, पनवेल
१२ जानेवारी १९९८

घरत,

वर 'प्रिय' लिहावं की 'श्री.' यात दहा मिनिटं गेली, शेवटी दोन्ही सोडून दिलं. मी प्रभाकर निमकर. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही कॉम्प्युटर विभागात होता, तेव्हाचा तुमचा साहेब. बारा वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही स्वतःच्या कामासाठी, हे आधीच सांगून टाकतो. दोन पानं खुशाली विचारायची आणि तिसऱ्या पानावर हळूच काम काढायचं, हे मला जमत नाही. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायचो. आता तुम्हीही चाळिशीला आला असाल, म्हणून तुम्ही.

तुमचा भेंडखळचा पत्ता जुन्या रजिस्टरात मिळाला. उरणच्या बाजारात तुमचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे, हे कॅन्टीनमधल्या शिवाने सांगितलं. त्याची पुतणी तुमच्याकडे शिकते. क्लासचा फोन नंबरही त्यानेच दिला.

मुद्द्याचं सांगतो. ३१ मार्चला आपला कारखाना बंद होतोय. मालकांनी सगळं गुजरातेत हलवलं. हेड ऑफिस मुंबईतच राहणार आहे, पण तिथे माझी कोणाला गरज नाही. मला एक्कावन्न पूर्ण झाली. मुलगी आभा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्नी वसुंधराची शाळेची नोकरी आहे, म्हणून घर चालेल, पण मी सकाळी उठून करायचं काय? या वयाच्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅनेजरला कोणी दारात उभं करत नाही. तरी एकांनी बोलावलंय. अंधेरीची मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे, नाव लिहीत नाही, फोन आला की कळेलच. जागा जनरल मॅनेजरची, हाताखाली तीनशे माणसं. माझ्या हाताखाली आजवर सहाच्या वर माणसं कधी नव्हती, आणि त्यातला एक शिपाई.

त्यांची पद्धत अशी की उमेदवाराने तीन नावं द्यायची. एक वरिष्ठ, एक बरोबरीचा आणि एक हाताखाली काम केलेला. ते लोक तिघांनाही फोन करतात. पहिल्या दोघांची अडचण नव्हती. तिसऱ्याला अडलो. माझ्याकडे शिकून गेलेली सगळी मंडळी अमेरिकेत नाहीतर आखातात आहेत. इथे सापडेल असं एकच नाव उरलं, ते तुमचं.

फोन आला तर दोन शब्द बरे बोला. साहेब कामाला चोख होते, एवढं पुरे. जुनं काही उकरून काढायची गरज नाही, असं मला वाटतं. तुम्ही गेलात तो काळ आपल्या दोघांनाही वाईट होता.

उत्तराची वाट बघतो.

प्रभाकर निमकर

पनवेल
२७ जानेवारी १९९८

घरत,

तुमचं उत्तर नाही. पोस्टाला दोष द्यावासा वाटतो, पण पनवेलचं पत्र उरणला दोन दिवसांत पोचतं, हे मलाही माहीत आहे.

पहिला इंटरव्ह्यू झाला. एसटीने सायनपर्यंत, पुढे दोन बस बदलून अंधेरी. पोचेपर्यंत शर्टाची इस्त्री पार गेली होती. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, मुलाला सोडायला आलात का? तिची चूक नाही. बाहेर बसलेल्यांत मी सगळ्यांच्या वडिलांसारखा दिसत होतो.

आत तिघं होते. बोलत होता तो एकटाच, सत्यजीत राजाध्यक्ष. अडतिशीचा असेल, टाय नाही, बाह्या दुमडलेल्या. मला नुसतं सत्यजीत म्हणा म्हणाला. ते काही माझ्या तोंडातून निघेना, त्यामुळे पाऊण तास मी त्याला काहीच म्हणालो नाही.

मग त्याने टेबलावर कागदाची चळत ठेवली. हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला आपला कागद. मी लांबूनच ओळखला. झालं असं, की दोन हजार सालाच्या तपासणीचं काम हेड ऑफिसने त्यांनाच दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांची पोरं तळोज्याला येऊन आपले सगळे प्रोग्रॅम छापून घेऊन गेली. आमच्या घरी या दोन हजार सालाची भानगड मी वसुंधराला पोळ्या करताना समजावली होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असतं, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. दोन हजार उजाडलं की मशीनला दोन शून्यं दिसणार आणि त्याला वाटणार, एकोणीसशे साल आलं. सगळ्या जगाचे हिशेब शंभर वर्षं मागे. ती म्हणाली, एवढे शिकलेले लोक आणि शतक बदलतं हे कोणालाच सुचलं नाही?

आपल्याकडे सुचलं होतं. एकशे चाळीस प्रोग्रॅम आणि प्रत्येकात साल चार आकड्यांत. राजाध्यक्षने पेनाने गोल करून ठेवले होते. म्हणाला, चाळीस कारखाने तपासले, असा एकच सापडला, आणि तोही १९८४ सालचा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'ऑथर' या शब्दापुढे माझं नाव. आपली पद्धत तुम्हाला आठवत असेल. लिहिलं कोणीही तरी नाव विभागप्रमुखाचं. मीच पाडली होती ती.

हे तुम्हाला तेव्हा कसं सुचलं, असं त्याने विचारलं. मी काहीतरी मोघम बोललो. त्यांनी जे गृहीत धरायचं ते आधीच धरलेलं होतं, मी फार काही बोललोच नाही.

४ मार्चला त्यांच्या मोठ्या साहेबांसमोर शेवटची मुलाखत आहे. त्याआधी तिघांना फोन होतील. म्हणून पुन्हा लिहितोय. चार आकड्यांचा विषय निघाला तर तुम्ही काय सांगणार आहात? एका ओळीत कळवलंत तरी चालेल. मला तयारीने जाता येईल.

प्र. निमकर

पनवेल
९ फेब्रुवारी १९९८

घरत,

काल मी भेंडखळला येऊन गेलो, हे तुम्हाला घरी कळलंच असेल. तुम्ही पेणला लग्नाला गेला होतात. आधी कळवून आलो असतो तर तुम्ही मुद्दाम गेलात असं वाटलं असतं, तेवढं तरी टळलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. नाक्यावर 'दिना सरांचं घर' म्हटल्यावर दोघं जण पुढे चालायलाच लागले. मला वाटलं होतं, तुम्ही पोटापुरता क्लास चालवत असाल. तुमच्या नावाला तिथे एवढा मान आहे हे बघून बरं वाटलं. थोडा रागही आला, का ते सांगता येत नाही.

तुमच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तशा उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "निमकर साहेब ना तुमी? दिना लय नाव काढतो तुमचं. असा साहेब पुना नाय मिळाला म्हनतो."

मी खुर्चीवर बसलो. दुसरं काय करणार? त्यांनी चहा टाकला. तुमचे वडील गेले ते साल सांगितलं, मिठागर कोणी बघायचं हा प्रश्न कसा पडला ते सांगितलं, सरकारने जमीन घेतल्यावर आता मिठागर उरलंच किती तेही सांगितलं. निघताना पिशवीभर मीठ हातात दिलं. वसुंधराने ते बरणीत भरलंय. तिला वाटतं, तुम्ही मला अजून मानता.

तुमच्या आई आणखी एक गोष्ट बोलल्या. ते तुम्हाला लिहावं असं वाटत नाही. मी नुसता चहा प्यायलो आणि उठलो.

घरत, तुम्ही घरी माझ्याबद्दल असं का सांगून ठेवलंत? मी काय केलं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. शिव्या घातल्या असत्यात तर मी फोनसाठी तरी मोकळेपणी तुमच्या पाया पडलो असतो.

आज थांबतो. डोकं दुखतंय.

निमकर

पनवेल
१९ फेब्रुवारी १९९८

घरत,

कारखान्यात आता काम नाही. मशीन बंद करून कापड टाकलंय. आम्ही तिघं दिवसभर जुनी रजिस्टरं लावतो आणि चार वाजता चहा पितो. बोलायला विषय नाहीत. मी एका कपाटाला पाठ टेकून बसतो आणि तुम्हाला लिहायचं पत्र मनात लिहीत राहतो. आज ते कागदावर उतरवतोय.

मार्च ८६ मध्ये दोन्ही डिस्क भरल्या. माल पाठवायची चलनं छापून निघेनात, तीन दिवस गेटवर ट्रक उभे. वर्क्स मॅनेजरने मला लेखी कारण मागितलं. मी लिहिलं, की दीनानाथ घरत यांनी सूचना डावलून सालाला चार आकडे वापरले, त्यामुळे जागा संपली. माझा तुमचा वाद झाला होताच. शंभर वर्षं टिकणारे प्रोग्रॅम कोणासाठी लिहितोस, तू आणि मी दोघंही तोवर नसणार, असं मी चारचौघांत तुम्हाला हसलो होतो. वाद सगळ्यांनी ऐकलेला होता, त्यामुळे माझ्या मेमोवर कोणी शंका घेतली नाही. तुम्हाला आठवड्यात काढलं.

खरं कारण वेगळं होतं. मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या फाइलींची एक जादा प्रत मी त्याच डिस्कवर ठेवली होती. ती टेपवर घ्यायची आणि डिस्कवरून पुसून टाकायची, हे माझं काम. टेप मागवायच्या राहिल्या, म्हणून प्रत तशीच ठेवली, आणि साफ विसरलो. तुमच्या जादा दोन आकड्यांनी घेतलेली जागा त्यापुढे चिमूटभर होती. तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी मला ते दिसलं. प्रत पुसली, डिस्क निम्मी मोकळी झाली. मी कोणालाही बोललो नाही. वसुंधरालाही नाही.

तुमच्या जागी आशालता नावाची मुलगी आली. तिला मी सगळी सालं दोन आकड्यांत करायला सांगितली. तिने चार प्रोग्रॅम उघडून बघितले आणि म्हणाली, सर, याला हात लावला तर सगळंच बंद पडेल. मलाही कंटाळा आला. उद्या करू म्हणत राहून गेलं. अंधेरीच्या लोकांना माझी दूरदृष्टी दिसते ती ही.

तुम्ही अनुभवाच्या दाखल्यासाठी तीन पत्रं पाठवलीत. 'काम समाधानकारक' एवढं लिहिलं असतं तर माझा मेमो खोटा ठरला असता. म्हणून मी दाखला दिला नाही. दाखला नाही म्हणून तुम्हाला दुसरीकडे कॉम्प्युटरची नोकरी मिळाली नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि मागच्या पत्रात 'मोघम' म्हणालो, तेही खोटं. राजाध्यक्षने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "मला पहिल्यापासून लांबचं बघायची सवय आहे." हे शब्द. इंग्रजीत म्हटले, त्यामुळे जरा कमी लाज वाटली.

हे सगळं लिहिलं म्हणजे मी सुधारलो असं समजू नका. मला ही नोकरी हवी आहे. मी दमलोय, पण घरी बसायची भीती वाटते. ४ तारखेला मी काय बोलेन ते मला आज सांगता येत नाही. तुम्ही फोनवर खरं सांगितलंत तर माझी सुटका होईल. सांगा.

प्रभाकर

पनवेल
८ मार्च १९९८

घरत,

तुम्ही खरं सांगितलं नाहीत.

बुधवारी गेलो. या वेळी राजाध्यक्षबरोबर त्यांचे मोठे साहेब होते. साठीचे, शांत, कमी बोलणारे. राजाध्यक्ष हसतच म्हणाला, तुमचे घरत तुम्हाला फार मानतात. अठरा तारखेला त्यांच्याशी बोललो. म्हणाले, डोकं सगळं निमकर साहेबांचं, आम्ही त्यांनी सांगितलेलं टाइप केलं.

म्हणजे माझं मागचं पत्र तुम्हाला मिळण्याच्या आधीच तुम्ही हे बोलून मोकळे झाला होतात.

मला आधी बरं वाटलं, ते लपवत नाही. चहा आला, बिस्किटं आली, मी दोन खाल्लीसुद्धा. मग मोठे साहेब काम काय ते सांगायला लागले. प्रोग्रॅम दुरुस्त करायला त्यांची पोरं आहेतच. माझं मुख्य काम म्हणजे गिऱ्हाइकांपुढे उभं राहायचं. अमेरिकेला जायचं, बँकांत जायचं, आणि १९८४ साली एका लहान कारखान्यात मला हे कसं सुचलं, ती गोष्ट सांगायची. माहितीपत्रकात माझा फोटो, खाली त्या प्रोग्रॅमचं पान. दोन वर्षं हेच. नेमणुकीचं पत्र टाइप होऊन फाइलीत होतं, मला वरचा कोपरा दिसत होता.

मी मनातल्या मनात ती गोष्ट एकदा सांगून बघितली. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मला सांगवेना. खरं बोलायला हिंमत लागते म्हणतात. माझ्यात ती नव्हती, घरत. रोज तेच खोटं, नव्या माणसांपुढे, उत्साहाने बोलायचं, एवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. एकदा खोटं बोलून आयुष्यभर गप्प बसणं मला जमलं होतं. हे रोजचं होतं.

मी म्हटलं, "हे माझं काम नाही. हे घरतांनी लिहिलं. मी त्यांना त्यासाठीच काढलं."

मग सगळं सांगितलं, डिस्कपासून दाखल्यापर्यंत. दहा मिनिटं लागली असतील. राजाध्यक्षचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग घरत आमच्याशी खोटं का बोलले?"

"ते त्यांना विचारा. मी का बोललो ते मला विचारा."

ते कोणी विचारलं नाही. मोठ्या साहेबांनी फाइल मिटली. तुमचा पत्ता मागितला, मी कागदावर लिहून दिला. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला, पण तेवढ्याने काय होतं? खाली आलो, रस्ता ओलांडला आणि एका दुकानाच्या पायरीवर बसलो. नोकरी गेली म्हणून रडू येईल असं वाटलं होतं. झोप आली.

घरी वसुंधराने सगळं ऐकून घेतलं, ताट वाढलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, नोकरी गेली त्याचं मला काही नाही. बारा वर्षं माझ्या शेजारी बसून हे पोटात ठेवलंत, त्याचं आहे. आभाला अजून सांगितलेलं नाही.

आता माझा प्रश्न. तुम्ही मला का सांभाळून घेतलंत? उपकार म्हणून केलंत का? तसं असेल तर मला राग आलाय, आणि तो जात नाही. मी तुमचं वाटोळं करायचं आणि तुम्ही माझी पाठराखण करायची, असा न्याय कुठला? या वेळी तरी उत्तर द्या.

प्रभाकर निमकर

भेंडखळ
११ मार्च १९९८

निमकर साहेब,

पाचही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. पण शेवटच्या पत्रात तुम्ही उपकार हा शब्द लिहिलात, तो गैरसमज राहू नये.

अंधेरीचा फोन आला तेव्हा आई डबा घेऊन क्लासात आली होती. तुम्ही घरी येऊन गेल्यापासून ती खुशीत आहे. कोणाचा फोन म्हणाली, माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. ती समोरच्या बाकावर बसून ऐकत राहिली. तिच्यासमोर मी काय सांगणार होतो? वडील गेले आणि तुमचा मेमो आला, दोन्ही एकाच महिन्यात. एवढं दुःख असताना आणखी एक कशाला, म्हणून मी तिला सांगितलं की मिठागर बघायला कोणी नाही, नोकरी मीच सोडली. साहेब थांब म्हणत होते, असंही सांगितलं. पुढे तेच खरं धरून चाललो. फोनवर तिच्यासाठी बोललो. तुमच्यासाठी नाही.

डिस्कवरची प्रत मला तेव्हाच माहीत होती. मी शेवटच्या दिवशी फाइलींची यादी छापून घेतली होती. तुम्हाला दाखवायला केबिनपर्यंत आलो होतो. तुम्ही मान वर केली नाहीत.

अंधेरीहून मलाही पत्र आलं आहे. २५ तारखेला बोलावलं आहे, प्रोजेक्ट लीडरच्या जागेसाठी. बहुतेक जाणार नाही. गेलो तर तळोजा का सोडलं हे विचारणार, खरं सांगावं लागणार, आणि उरण लहान आहे, फिरून आईच्या कानावर येणारच. मुलगा बारा वर्षं खोटं बोलला, हे तिला या वयात कळायला नको. ती सुखात आहे, तेवढं राहू दे.

दी. भ. घरत

पनवेल
१५ मार्च १९९८

दीनानाथ,

तुम्ही केबिनपर्यंत आला होतात. मला आठवतं. मान वर केली नाही, हेही आठवतं. तुमच्या हातात काय कागद आहे ते मला कळलं होतं असं नाही, पण काहीतरी आहे हे कळलं होतं. त्यावर आणखी काही लिहीत नाही. लिहून ते कमी होणार नाही.

अंधेरीला जायचं. बहुतेक नाही वगैरे चालणार नाही. दोन इंटरव्ह्यू देऊन हरलेल्या माणसाचा सल्ला घ्या. घरून लवकर निघा, इस्त्रीचा शर्ट पिशवीत न्या आणि तिथे पोचून बदला. टाय घालू नका. राजाध्यक्ष घाईत बोलतो, तुम्ही तुमच्या चालीने बोला. इंग्रजी अडलं तर मराठीत सांगा, तो परळचा आहे, त्याला कळतं. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असा एक वेडगळ प्रश्न विचारतात. मी म्हटलं होतं, शिखरावर. तुम्ही असलं काही बोलू नका. आणि ते प्रोग्रॅमची चळत पुढे करतील तेव्हा लाजू नका. तुमचं काम आहे ते, तुमच्यासारखं बोला. बारा वर्षं पोरांना तेच शिकवताय, तुम्हाला त्यातलं काही नवीन नाही. दाखला सोबत जोडला आहे. कारखान्याचा शिक्का अजून सोळा दिवस चालतो. त्यात मेमो खोटा होता हेही लिहिलंय, खाली माझी सही आहे.

आता तुमच्या आईंबद्दल. त्या सुखात आहेत असं तुम्ही लिहिलंत. मी गेल्या महिन्यात एक गोष्ट तुमच्यापासून लपवली, ती आज सांगतो.

चहाचा कप हातात दिल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मनात ठेवू नका. मी रांडमुंड झाली, मिठागराला कोन नव्हतं, म्हनून त्यानं खुर्चीची नोकरी सोडली. माझ्यापाय झालं सगलं. त्याला मी कवाच बोलली नाय, पन मला झोप नाय येत." हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. माफी मागितली, माझी. आणि मी बशीत चहा ओतून पीत बसलो.

तुम्ही त्यांना वाचवायला जे सांगितलंत त्याचं ओझं त्या बारा वर्षं वाहतायत, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही, कारण त्यांनीही तुमच्यासाठीच तोंड मिटून ठेवलंय. मायलेकरांनी एकमेकांना सांभाळायचं आणि त्या दोघांच्या मध्ये मी चांगला साहेब होऊन बसायचं. मला ते आता सहन होत नाही.

येत्या रविवारी, २२ तारखेला, सकाळच्या एसटीने मी भेंडखळला येतो. तुमची हरकत असेल तर कार्ड टाका. गप्प बसणं तुम्हाला चांगलं जमतं, पण या वेळी गप्प बसलात तर मी हो समजेन. वसुंधराही येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिच्या आडून बोलायला नको.

मी त्यांना सांगणार आहे, की तुमच्या मुलाने तुमच्यासाठी नोकरी सोडली नाही. ती मी त्याच्याकडून काढून घेतली, माझी चूक झाकायला. त्याने तुम्हाला खोटं सांगितलं ते तुम्हाला त्या महिन्यात आणखी एक घाव नको म्हणून. एवढंच सांगणार. शब्द पाठ केलेले नाहीत, त्यामुळे अडखळेन. तुम्ही घरात असा, पण मध्ये बोलू नका, आणि मला आधार द्यायला तर अजिबात येऊ नका. त्या मला काय बोलायचं ते बोलतील. ओट्यावरून उतर म्हणाल्या तर उतरेन. तेव्हा त्यांना आवरू नका.

प्रभाकर निमकर